डावें-उजवें

‘डावें-उजवें करणें’ हा आपल्या भाषेंतला एक मोठा आरोप आहे. पंक्तींत वाढणारीनें तुपाची धार कोणाच्या पानावर जाड आणि कोणाच्या पानावर बारीक धरली, सासूनें एका सुनेला हंसून आणि दुसरीला कपाळाला आठ्या घालून हांक मारली, कीं हे दोन शब्द लगेच ऐकूं येतात. आईवर मात्र हा आरोप सहसा कोणी करीत नाहीं. चार मुलांत तिनें डावें-उजवें केलें नाहीं, हीच तिची थोरवी म्हणून सांगितली जाते. परंतु आईच्या मांडीवर आलेलें चार दिवसांचें मूलच आईच्या दोन बाजूंत डावें-उजवें करूं लागलें तर? एका थानाला आनंदानें प्यावें आणि दुसऱ्याला नेतांच आकाशपाताळ एक करावें, असें त्यानें आरंभलें तर? त्या वेळीं आरोप कोणावर ठेवावयाचा? आमचा अनुभव असा, कीं तो मुलावर कोणीच ठेवीत नाहीं. फिरून फिरून तो आईवरच येतो.

विषय जरा संकोचाचा आहे हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या गोष्टीवर घरांतलें सर्वांत लहान माणूस जगतें, तिच्याविषयीं घरांतल्या मोठ्या माणसांनीं लाजावें, हें कांहीं बरें नव्हे. लाडवांच्या पाकावर पुस्तकें लिहावयाचीं आणि माणसाच्या पहिल्या अन्नाविषयीं मौन पाळावयाचें, ही सभ्यता आम्हांस समजत नाहीं. शिवाय या मौनाची किंमत मौन पाळणारे देत नाहींत. ती बाजेवर पडलेल्या बाळंतिणीला द्यावी लागते.

मांजरसुंबा हें आमचें गांव बालाघाटाच्या माथ्यावर आहे. बीडहून दक्षिणेकडे निघालें, कीं घाट चढून गाडी येथें येते. धुळ्याहून सोलापुराकडे जाणारा हमरस्ता आणि अहिल्यानगरच्या बाजूनें पाटोद्यावरून येऊन केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता, हे दोन येथेंच एकमेकांस छेदतात. त्यामुळें वाहनांची घरघर आणि चहाच्या कपांचा खळखळाट हें या गांवाचें रात्रंदिवस चालणारें संगीत होय. जवळच कपिलधारेस मन्मथस्वामींची समाधि आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला वीरशैव भाविकांच्या दिंड्या याच रस्त्यांनीं येतात. चारी दिशांनीं माणसें यावयाचीं आणि चारी दिशांनीं जावयाचीं. थांबणारें असें थोडेंच. अशा या चौरस्त्याच्या गांवीं आमची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरीं आली, आणि बालाघाटचीं सीताफळें बाजारांत येण्याच्या दिवसांत आम्हांला नात झाली.

पहिले तीन दिवस कौतुकांत गेले. चौथ्या दिवशीं पान्हा भरून आला आणि तंटा सुरू झाला. डाव्या बाजूला घेतलें, कीं पोर डोळे मिटून, मुठी सैल सोडून, शांतपणें पिई. उजवीकडे घेतलें, कीं पाठ धनुष्यासारखी ताणी, मान फिरवी, तोंड लावी न लावी तोंच सोडून देई, आणि असा टाहो फोडी, कीं शेजारणीनें हातांतलें पीठ तसेंच ठेवून विचारायला यावें. दोन दिवसांत उजवी बाजू दगडासारखी कठीण झाली. ती ठणकूं लागली. लेकीच्या अंगांत कणकण भरली. पुढच्या तीन-चार दिवसांत ठणका ओसरला; पण त्याचें कारण आनंदाचें नव्हतें. त्या बाजूचें दूधच कमी होऊं लागलें होतें.

बाळंतिणीच्या खोलींत सल्ल्याला कधीं तोटा नसतो. एकीनें सांगितलें, उजव्या बाजूचें दूध कडू असणार. मूल उगाच तोंड फिरवीत नाहीं. दुसरीनें मीठमोहऱ्या मागविल्या. तिसरीला वाटलें, हा सारा शहरांतल्या खाण्याचा परिणाम. पांचवीच्या रात्रीं सटवाईच्या पूजेंत कांहीं उणें राहिलें काय, याचीही चौकशी झाली. शेवटीं एका पोक्त बाईनें, जणूं निकाल वाचून दाखवावा तशा आवाजांत, “एका अंगावर पोर पोसत नसतं, वरचं दूध सुरू करा,” असें सांगून टाकलें. यांतलें कोणीही वाईट नव्हतें. सगळ्यांच्या बोलण्यांत माया होती. परंतु प्रत्येक वाक्याचा कर्ता मूल असला, तरी त्याचें कर्म शेवटीं आमची लेक होती.

ती पुण्यास एका कचेरींत दहा माणसांचें काम पाहते, आणि हिशेबाला पक्की आहे. तिनें रात्रीं किती वेळ पाजलें, कोणत्या बाजूला किती मिनिटें, दुपटीं किती भिजलीं, याची वही ठेविली होती. त्या वहींत उजव्या बाजूच्या रकान्यांत शून्यें वाढूं लागलीं. एके रात्रीं दोनच्या सुमारास दिवा लावून ती बसली होती. पोर डाव्या अंगाला पिऊन नुकतीच निजली होती. वही मिटून ती म्हणाली, “आई, मी हिला अर्धीच आवडते ग.”

हें वाक्य आम्ही विसरूं शकलों नाहीं. दहाव्या दिवशीं आरोग्यसेविकेनें पोरीला झोळीच्या काट्यावर तोललें, तेव्हां जन्माच्या वेळीं २ किलो ८०० ग्रॅम असलेलें वजन २ किलो ६०० ग्रॅम भरलें. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत मुलाचें वजन थोडें उतरतें आणि दहा ते चौदा दिवसांत तें भरून निघतें, हें सेविकेनें समजावून सांगितलें. पण येथें दहावा दिवस उजाडूनही वजन वर चढूं लागलें नव्हतें. आतां गोष्ट कौतुकाची किंवा कुरकुरीची राहिली नव्हती.

त्याच दिवशीं सकाळीं आमच्याकडे दूध घालणारी मावशी आंत डोकावली. ही बाई साठीच्या घरांतली. हिच्या उमेदीचीं वर्षें उंसाच्या फडांत गेलीं. आतां दोन म्हशींवर गुजराण करते. तिनें पोरीला डावीकडे पितांना पाहिलें, उजवीकडे टाहो फोडतांना पाहिलें, आणि आमच्याकडे वळून म्हणाली, “ताई, थानाचा दोष न्हाई. लेकराची कूस बदलती तुम्ही. ती कूस त्याला सोसंना.”

आम्ही विचारांत पडलों. मावशीचें म्हणणें किती साधें होतें, हें मांडी घालून पाहिल्यावांचून कळत नाहीं. नेहमींच्या रीतीनें डाव्या थानाला घेतलें, म्हणजे मूल आपल्या उजव्या कुशीवर येतें. उजव्या थानाला घेतलें, म्हणजे डाव्या कुशीवर. आपण म्हणतों, आम्हीं बाजू बदलली. मुलाच्या दृष्टीनें सारें जगच उलटें झालेलें असतें. मावशीनें हात धुतले, पोरीला डावीकडे थोडें पिऊं दिलें, आणि कूस न बदलतां तशीच आडवी उजवीकडे सरकविली. पोरीचें डोकें आईच्या तळहातांत, अंग आईच्या उजव्या बगलेखालीं उशीवर, आणि पाय आईच्या पाठीकडे. बाजारांतून येतांना बायका बोचकें बगलेंत धरतात, तसें. पोरीनें एकदां कुरकुर केली, नाक घासलें, आणि ती पिऊं लागली. ज्या थानाला सहा दिवस नकार मिळाला होता, त्याच थानाला! लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. तें तिनें पुसलें नाहीं, कारण तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.

पोरीचें वैर थानाशीं नव्हतें, कुशीशीं होतें. दोन दिवसांनीं बीडच्या बालवैद्यांनीं पोरीची मान हलक्या बोटांनीं चांचपून पाहिली आणि मानेच्या एका बाजूचा स्नायु किंचित् आंखडलेला असल्याचें सांगितलें. गर्भाशयांत जागा अपुरी असते. तेथें महिनोन्‌महिने एकाच बाजूला मान वळवून राहिलेल्या मुलाला बाहेर आल्यावरही तीच ठेवण सोयीची वाटते, आणि दुसरीकडे वळतांना ताण पडतो. हलक्या हातानें मान वळविण्याचे कांहीं व्यायाम त्यांनीं दाखवून दिले. ज्याला आम्ही पोरीची आवड म्हणत होतों, ती तिची अडचण होती. बोलतां न येणाऱ्याची अडचण आपल्याला नेहमीं हट्टासारखीच दिसते.

अशीं कारणें एक नव्हे, अनेक असतात. जन्माच्या वेळीं गळ्याजवळचें हाड दुखावलेलें असेल, तर त्या कुशीवर मूल रडतें. दंडावर किंवा मांडीवर नुकतीच लस टोंचली असेल, एक कान दुखत असेल, एक नाकपुडी चोंदली असेल, तरी तेंच. कधीं एका थानाचें बोंड चपटें असतें आणि मुलाला तें धरतां येत नाहीं. कधीं एका बाजूचा पान्हा इतक्या जोरानें येतो, कीं मूल गुदमरतें. कधीं तो इतक्या सावकाश येतो, कीं भुकेल्या मुलाला धीर धरवत नाहीं. स्तनाला सूज आली, तर दूध थोडें खारट लागतें. आणि कधीं कारण मुलाकडे नसतेंच. आईचा एक हात कामाला सराईत असतो आणि त्या हातावर मूल नीट बसतें, दुसऱ्यावर बसत नाहीं. १९६० सालीं ली साल्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें बाळंतिणींचें निरीक्षण करून असें प्रसिद्ध केलें, कीं पांचांतल्या सुमारें चार आया मुलाला डाव्या बाजूला धरतात. आणि उजव्या हाताच्या काय, डावखुऱ्या काय, दोहींत ही प्रवृत्ति दिसते. हृदयाचे ठोके मुलाला डावीकडे जवळून ऐकूं येतात, असें कारण त्यानें सुचविलें; पुढच्या संशोधकांनीं मेंदूच्या दोन अर्धांच्या वेगळ्या कामांतही तें शोधलें आहे. तेव्हां डावें-उजवें केवळ मुलेंच करतात असें नव्हे. आयाही करतात, आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो.

आतां प्रश्न राहिला तो दूध आटण्याचा. लोकांची समजूत अशी, कीं मूल एका बाजूला पीत नाहीं, कारण तिथें दूध कमी आहे. शरीराचा कारभार पुष्कळदां याच्या उलट चालतो: तिथें दूध कमी होतें, कारण मूल पीत नाहीं. पान्हा उतरविणारीं द्रव्यें मेंदूखालच्या ग्रंथींतून येतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करवितें, ऑक्सिटोसिन तें बाहेर आणवितें. आणि रक्तावाटे तीं दोन्ही बाजूंना सारखींच पोंचतात. तेथें डावें-उजवें नाहीं. परंतु प्रत्यक्ष किती दूध करावयाचें, याचा निकाल प्रत्येक स्तन आपल्यापुरता करतो. दूध काढून घेतलें गेलें, कीं पुन्हां भरण्याचा हुकूम सुटतो. दूध सांचून राहिलें, कीं तें सांचणेंच पुढच्या दुधाला ‘थांब’ म्हणून सांगतें. दोन भावांनीं एकाच भिंतीच्या दोहों अंगांस दोन दुकानें मांडावींत. माल एकाच पेठेंतून यावा. पण ज्याच्याकडे गिऱ्हाईक जाईल त्याचेंच दुकान भरलेलें राहावें, तसा हा प्रकार आहे. आणि मग दुष्टचक्र सुरू होतें. मूल कमी पितें म्हणून दूध कमी येतें. दूध कमी येतें म्हणून मूल आणखी कमी पितें. आणि शेवटीं आपण म्हणतों, पाहा, या बाजूला दूध नव्हतेंच!

मावशीला प्रोलॅक्टिन ठाऊक नव्हतें. तिला म्हैस ठाऊक होती. “चार सडांतल्या ज्या सडाला रेडकाची ढुसणी न्हाई, तो सड आटतो. म्हशीचं काय चुकलं त्याच्यात?” असें ती म्हणाली. या शेवटच्या प्रश्नांत जेवढा न्याय आहे, तेवढा आमच्या खोलींत जमलेल्या साऱ्या सल्ल्यांत मिळून नव्हता.

निसर्गानें ही स्वतंत्र व्यवस्था किती दूर नेली आहे, हें कांगारूच्या मादींत दिसतें. तिच्या पिशवींत नुकतें जन्मलेलें पिलूं एका सडाला चिकटलेलें असतें, आणि त्याच वेळीं बाहेर हुंदडणारें थोरलें पिलूं दुसऱ्या सडाला तोंड लावतें. दोन सडांतून दोन प्रकारचें दूध येतें, ज्याचें त्याला. माणसांतही एका बाजूनें पूर्ण पोट भरलेलीं मुलें आहेत, आणि दोन बाजूंनीं दोन जुळीं वाढविणाऱ्या आयाही आहेत. म्हणून ‘एका अंगावर पोर पोसत नसतं’ हा निकाल शास्त्राला मान्य नाहीं. एक अंग खरोखरच निकामी असेल, तरी दुसरें तें ओझें बहुधा उचलतें.

आमच्या पूर्वजांनीं या गोष्टीचा विचार केला नव्हता असें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत मुलाला प्रथम स्तनपान कसें करवावें हें सांगितलें आहे; तेथें उजवा स्तन धुऊन, त्यांतलें थोडें दूध आधीं काढून टाकून, मग तो मुलाच्या तोंडीं द्यावा असा विधि आहे. भरलेल्या स्तनांतून थोडें दूध आधीं काढलें, कीं तो मऊ होतो आणि मुलाला धरतां येतो, हें आजचे वैद्यही सांगतात. क्रोध आणि शोक यांनीं स्तन्य नाहींसें होतें, असेंही तेथें म्हटलें आहे. ऑक्सिटोसिनाचें काम काळजीनें अडतें, हें आज सिद्ध झालेलें आहे. परंतु सारें जुनें तें सोनें म्हणून चालावयाचें नाहीं. पहिले दिवस मुलाला मधतुपावर ठेवण्याची जी रीत त्याच ग्रंथांत आहे, ती आज वैद्य घातक मानतात. वर्षाच्या आंतल्या मुलाला मध देऊं नये आणि जन्मल्यापासून तासाभरांत अंगावर घ्यावें, असा आजचा नियम आहे. पहिला पिवळसर चीक पिळून टाकण्याची चाल तर आमच्या लहानपणीं घरोघर होती. गाय व्यायली, कीं तिच्या चिकाचा खरवस करून आम्ही वेलची घालून शेजारीं वांटतों. आणि बाईच्या चिकाला मात्र नासकें म्हणतों! पोरीला पहिल्या तासांतच चीक मिळाला, एवढें एक युद्ध तरी आमच्या घरीं लढावें लागलें नाहीं.

डाव्या-उजव्याचा निकाल कधीं मूल करीत नाहीं, कधीं शरीरही करीत नाहीं; तो शिंपी करतो. हाँगकाँगच्या मच्छीमार स्त्रियांचा पोशाख उजव्या बाजूला उघडणारा असे, म्हणून त्या पिढ्यान्‌पिढ्या उजव्याच अंगावर पाजीत. १९७७ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांच्याविषयींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच अंगावर पाजलेल्या या स्त्रियांना उतारवयांत कर्करोग झाला, तर तो न पाजलेल्या बाजूला होण्याचें प्रमाण अधिक आढळलें. पाजणें ही केवळ मुलाची सोय नव्हे, आईच्या शरीराचाही तो पाठीराखा आहे, या समजुतीला त्या अभ्यासानें बळ दिलें. येथेंच एक सावधगिरीची गोष्ट सांगणें अवश्य आहे. नवजात मुलाची एका बाजूची आवड बहुतेक वेळां आमच्या नातीसारखीच निरुपद्रवी असते. परंतु महिनोन्‌महिने दोन्ही बाजूंना नीट पिणाऱ्या मुलानें एक बाजू एकाएकीं आणि कायमची सोडली, किंवा त्या बाजूला न विरघळणारी गांठ लागली, तर घरगुती लेप लावीत न बसतां डॉक्टरांना दाखवावें. क्वचित् प्रसंगीं असा नकार ही रोगाची पहिली खूण असल्याचें १९७४ सालापासून वैद्यकीय लिखाणांत नोंदलेलें आहे.

आमच्या घरीं पुढें जें केलें, तें थोडक्यांत सांगतों. कोणा लेकीसुनेच्या उपयोगीं पडेल. प्रत्येक वेळीं आरंभ उजव्या बाजूनें, पण पोर कडकडून भुकेली होण्याच्या आधीं. कारण भुकेल्या माणसाशीं वाटाघाटी होत नाहींत. पोर अर्धवट झोपेंत असतांना, अंधाऱ्या खोलींत, तिला उजवीकडे घ्यावयाचें. निम्म्या झोपेंत माणसाचे पूर्वग्रहही निजलेले असतात. उजवीकडे नाकारलें, तर बळजबरी नाहीं. डोकें दाबून धरावयाचें नाहीं. मग तें दूध हातानें काढून वाटी-चमच्यानें पाजावयाचें, म्हणजे दूध वायां जात नाहीं आणि त्या बाजूचें मागणेंही थांबत नाहीं. बाटली घरांत आणली नाहीं. दिवसांतून सहा-सात दुपटीं भिजतात ना, एवढेंच पाहावयाचें. लेकीच्या वहींतला मिनिटांचा हिशेब आम्हीं तिच्याच हातानें बंद करविला. वही राहिली, पण तींत फक्त आठवड्याचें वजन लिहिलें जाऊं लागलें. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस काटा २ किलो ९५० ग्रॅमवर आला. त्या दिवशीं मावशीनें आमच्याकडून दुधाचे पैसे घेतले नाहींत, आणि आम्हीं तिला लुगडें नेसविलें.

कांहीं दिवसांनीं दिवाळी झाली आणि आमच्या चौरस्त्यावर दरवर्षींचें दृश्य दिसूं लागलें. ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांतून आणि मालमोटारींतून संसार निघाले. पत्र्याच्या पेट्या, चुली, शेळ्या, कोंबड्या, आणि त्यांवर बसलेल्या बायका. कित्येकींच्या पदराखालीं तान्हीं मुलें. बीड जिल्ह्यांतून ऊंसतोडीला जाणाऱ्यांची गणना लाखांनीं होते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ समजला जातो; मुकादमाची उचल त्या जोडीनें फेडावयाची असते. बाई बाळंतीण आहे म्हणून अर्धा कोयता माफ होत नाहीं. पहाटे फडांत शिरावयाचें, तोडावयाचें, मोळ्या बांधावयाच्या, डोक्यावरून वाहावयाच्या. मूल बांधाच्या कडेला झोळींत, नाहीं तर थोरल्या बहिणीच्या कडेवर. मावशी सांगते, फडांत पदर ओला होई तेव्हां लेकराला भूक लागली असेल हें कळे; पण मोळी बांधून झाल्यावांचून जातां येत नसे. गेली, कीं जी बाजू आधीं हाताला येईल ती द्यावयाची आणि पुन्हां पळावयाचें. दोन-तीन महिन्यांत दूध आटे. “मग बाया म्हणत, हिला दूधच न्हाई,” असें सांगून मावशी हंसली. पण तें हंसणें पाहून आम्हांस हंसूं आलें नाहीं.

येथें आम्हांस आमच्या खोलींतली आणि फडांतली गोष्ट एकच वाटूं लागली. दूध मागण्यानें येतें. मागणें घडावयाचें, तर मुलाला सोसेल अशी कूस पाहिजे. आणि आईला वेळ पाहिजे. कूस चुकली, कीं एक बाजू आटते. वेळ नाहीं मिळाला, कीं दोन्ही आटतात. दोन्ही ठिकाणीं शब्द मात्र एकच उच्चारला जातो: ‘हिला दूध नाहीं.’ २०१७ सालीं कायद्यानें नोकरदार स्त्रीची बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली; आमच्या लेकीला तिचा लाभ मिळाला, आणि त्यामुळेंच तिला उजव्या बाजूची समजूत काढीत बसायला सवड झाली. डब्याच्या दुधाची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्यानें बंदी केली, हेंही योग्यच झालें. परंतु जिची मजुरी तोडलेल्या उंसाच्या वजनावर ठरते, तिच्या फडापर्यंत ती रजा पोंचली नाहीं. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतल्या ऊंसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळांत गाजला आणि चौकशीला समिति बसली. गर्भाशयाची चर्चा झाली, तशी पान्ह्याचीही व्हावी. फडाच्या कडेला सावली, पाळणा, आणि दर दोन-तीन तासांनीं अर्ध्या तासाची बिनपगार न कापतां मिळणारी सुटी, एवढीच तर ती मागणी आहे.

माणसांच्या बाबतींतही आपण असेंच करीत असूं काय, असा विचार कधींकधीं मनांत येतो. एखाद्या मुलाला ‘मंद’ म्हणावयाचें, एखाद्या सुनेला ‘अबोल’, एखाद्या मुलुखाला ‘मागासलेला’. आणि त्यांच्याकडे कोणी कधीं कांहीं मागितलें होतें काय, हें पाहावयाचें नाहीं. आमचा मराठवाडा हा शब्द पुष्कळ वर्षें ऐकत आला आहे. पण उपमा फार ताणूं नये. ताणलेल्या मानेनें काय होतें हें आम्हीं पाहिलें आहे.

पोर चार महिन्यांची झाली तेव्हां मानेचा आंखडा सुटला होता आणि ती दोन्ही कुशींवर खुशाल लोळूं लागली होती. उजवी बाजू मात्र शेवटपर्यंत थोडी मागेंच राहिली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बाजू अगदीं सारख्या अशा फार थोड्या स्त्रियांच्या असतात. त्याची चिंता नको. लेक पुण्यास जावयास निघाली, तेव्हां सामान बांधतांना ती वही हातीं लागली. तिनें चाळून पाहिली, शून्यांचीं पानें आलीं तशीं उलटलीं, आणि मागच्या कोऱ्या पानावर डिंकाच्या लाडवांचें प्रमाण लिहून घेतलें.